चार मिलिमीटर

शनिवारी सकाळी सात वाजता ताईचा फोन आला की त्याला दोनच कारणं असू शकतात. एक तर त्यांच्या घरचं वायफाय बंद पडलेलं असतं, नाहीतर कोणाचा तरी कसला तरी रिपोर्ट आलेला असतो. घरात मी एकटा इंजिनियर, त्यामुळे ज्यात ज्यात आकडे असतात ते सगळं माझ्या खात्यात. माझी डिग्री कॉम्प्युटरची आहे, शरीराची नाही, हे दहा वेळा सांगून झालंय. असो.

त्या शनिवारी वायफाय व्यवस्थित चालू होतं.

भाचीला तेव्हा अकरावं संपत आलं होतं. महिनाभर डोकं दुखत होतं, विशेषतः शाळेतून आल्यावर. डोळे तपासून झाले, सायनसचं औषध देऊन झालं. मग ओळखीतल्या कोणीतरी सुचवलं, "एकदा एमआरआय करून टाका, म्हणजे मनात शंका नको." टाकला करून. आणि शंका नको म्हणून केलेल्या तपासणीतून जी शंका निघाली, ती आमच्याकडे मुक्कामाला आली ती आलीच. रिपोर्टमध्ये मेंदू नॉर्मल, सायनस नॉर्मल, सगळं नॉर्मल, आणि तळाशी एक ओळ: पिट्युइटरी ग्रंथीच्या डाव्या भागात ४ मिलिमीटरचा ठिपका, मायक्रोअ‍ॅडेनोमाची शक्यता, रक्ताच्या तपासण्यांशी पडताळून पाहावे.

डोकेदुखी पुढे मायग्रेनची निघाली. आमच्या आईला आहे, ताईला आहे, आता हिला. म्हणजे ज्यासाठी तपासणी केली त्याचा आणि जे सापडलं त्याचा काडीचाही संबंध नव्हता. पण एकदा कागदावर छापून आलं की ते छापून आलं. त्या ओळीला डिलीटचं बटण नसतं.

आता थोडी माहिती, म्हणजे पुढचं भांडण नीट करता येईल.

पिट्युइटरी, म्हणजे आपल्या शाळेच्या पुस्तकातली पीयूषिका ग्रंथी, वाटाण्याएवढी असते. वजन जेमतेम अर्धा ग्रॅम. नाकाच्या मागे, कवटीच्या तळाशी हाडात एक खळगा असतो, त्याला शरीरशास्त्रवाले तुर्की खोगीर म्हणतात, त्यात ही बसते. उंची वाढणं, वयात येणं, थायरॉइड, कॉर्टिसॉल, अंगातल्या पाण्याचा हिशोब, सगळ्यांना हुकूम इथूनच जातात. हिच्या अगदी वर दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात. म्हणजे या खळग्यातली गाठ दोन प्रकारे त्रास देऊ शकते: एखादं हार्मोन भरमसाट बनवून, किंवा नुसती आकाराने वाढून शेजाऱ्यांना दाबून. १० मिलिमीटरपेक्षा लहान असेल तर मायक्रो, त्याच्या वर मॅक्रो. आणि जी कुठलंच हार्मोन जादा बनवत नाही ती 'नॉन-फंक्शनिंग'. आमच्या क्षेत्रात एखाद्या गोष्टीला नॉन-फंक्शनिंग म्हणणं ही शिवी आहे. इथे तो आशीर्वाद.

गंमत म्हणजे हे ठिपके काही आजचे नाहीत. १९३६ साली कॉस्टेलो नावाच्या अमेरिकन संशोधकाने मृत्यूनंतर तपासलेल्या १,००० पिट्युइटरी ग्रंथींचा अभ्यास छापला. जिवंतपणी पिट्युइटरीचा काही त्रास असल्याची नोंद नसलेली ही माणसं. त्यातल्या २२५ ग्रंथींत छोट्या गाठी सापडल्या. पुढच्या अभ्यासांत आकडे कमीजास्त आले, पण साधारण दहातल्या एका माणसात असं काहीतरी असतं असं मानायला हरकत नाही. ती माणसं गाठीसकट जगली, लग्नं केली, नोकऱ्या केल्या आणि दुसऱ्याच कशाने तरी गेली. १९३६ साली फरक एवढाच होता की जिवंतपणी कोणाला कळायचं नाही.

एवढं वाचून मी पहिल्याच दिवशी ताईला छातीठोकपणे सांगितलं, "काही नसतं गं ते, दहातल्या एकाला असतं." ही माझी पहिली चूक. दुसरी चूक बरीच मोठी आहे, ती पुढे येईल.

चूक अशी, की ते आकडे प्रामुख्याने मोठ्या माणसांचे. मुलांचं गणित वेगळं असतं. एक तर मुलांमध्ये पिट्युइटरीच्या गाठी मुळात कमी, आणि ज्या सापडतात त्यातल्या बहुतेक हार्मोन बनवणाऱ्या असतात. काम न करणाऱ्या थोड्या. दुसरं, मुलांच्या बाबतीत तो ठिपका खरंच गाठ आहे का इथपासून सुरुवात असते. जन्मतःच राहून गेलेली पाण्याची छोटी पिशवी असू शकते, तिला राथकेची सिस्ट म्हणतात. वयात येताना ग्रंथी स्वतःच फुगते, हेही असू शकतं. रेडिओलॉजीवाल्यांचा एक जुना ठोकताळा आहे: ग्रंथीची उंची मुलांमध्ये ६ मिलिमीटरपर्यंत, पुरुषांत ८, पाळी सुरू असलेल्या वयाच्या बायकांत १० आणि बाळंतपणाच्या आसपास १२ पर्यंत नॉर्मल धरायची. म्हणजे एखादी मुलगी अकराव्या वर्षापासून चौदाव्या वर्षापर्यंत जाताना तिची ग्रंथी वाढणारच आहे. वाढली नाही तर काळजी करायची. आणि तिसरं, मुलांमध्ये या जागी क्रॅनिओफॅरिंजिओमा नावाची एक खरोखर त्रासदायक गाठ होऊ शकते, ती सहसा बरीच मोठी असते आणि तिच्यात कॅल्शियम दिसतं, पण ती नाही ना, हे कोणीतरी जाणत्या माणसाने बघून सांगायला हवं. शिवाय लहान वयात खरी गाठ निघालीच तर घराण्यात काही आहे का, जनुकीय तपासणी हवी का, हेही विचारावं लागतं.

त्यामुळे पहिली तपासणी कसून करायला माझा अजिबात विरोध नाही. प्रोलॅक्टिन, थायरॉइड, कॉर्टिसॉल, वाढीच्या हार्मोनचा अंदाज देणारं आयजीएफ-१, सोडियम, सगळं एकदा व्हायलाच हवं. नॉन-फंक्शनिंग हे विशेषण रिपोर्ट बघून लावायचं नसतं, या तपासण्या नॉर्मल आल्यावर लावायचं असतं. भाचीच्या सगळ्या नॉर्मल आल्या. (प्रोलॅक्टिन पहिल्यांदा किंचित जास्त आलं. सुई टोचायच्या भीतीनेही ते वाढतं म्हणे. दुसऱ्यांदा शांत बसवून घेतलं तर नॉर्मल.)

माझं म्हणणं याच्या पुढचं आहे. हे सगळं झाल्यावर, समोर एक हसतंखेळतं मूल असताना, त्या ठिपक्यावर किती आणि कसं लक्ष ठेवायचं? माझं मत असं की ठिपक्यावर कमीत कमी, मुलावर जास्तीत जास्त, आणि किती ते पहिल्याच दिवशी लिहून ठेवायचं. हे मत मला फुकटात मिळालेलं नाही.

हार्मोन्सच्या डॉक्टर मॅडमनी सांगितलं होतं, वर्षाने पुन्हा एमआरआय करू. हे त्यांनी मनाने सांगितलेलं नव्हतं. अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीने २०११ साली मोठ्या माणसांसाठी नियमावली काढली, त्यात असंच आहे: छोट्या गाठीला वर्षाने स्कॅन, तशीच असेल तर तीन वर्षं एक-दोन वर्षांच्या अंतराने, मग अंतर वाढवत न्यायचं. मुलांसाठी वेगळी अशी नियमावली बरीच उशिरा आली. २०२४ साली ब्रिटनमधल्या तज्ज्ञांनी 'नेचर रिव्ह्यूज एंडोक्रायनॉलॉजी' या नियतकालिकात १९ वर्षांखालच्या मुलांसाठी दोन भागांत ती छापली. छोट्या शांत गाठींचा सल्ला त्याच धर्तीवर. ती करताना जिथे पुरावा तुटपुंजा होता तिथे तज्ज्ञांची मतं फेऱ्या करून जुळवली. पुरावा तुटपुंजा असणारच, कारण अशी मुलंच थोडी आहेत. म्हणजे वर्ष हा आकडा देवाने दिलेला नाही, शहाण्या माणसांनी बसून ठरवलेला आहे. मला त्यात काही गैर वाटत नाही. आमच्याकडे टाइमआउट तीस सेकंद का, याचं उत्तरही असंच असतं.

पण ताईला वर्ष काढवेना. सातव्या महिन्यात भाचीचं पुन्हा दोन दिवस डोकं दुखलं आणि ताईने मॅडमना न विचारता घराजवळच्या एका सेंटरमध्ये एमआरआय करून घेतला. रिपोर्ट आला, ५ मिलिमीटर.

सकाळी सातला फोन. "चारचं पाच झालंय. म्हणजे किती वाढलं रे?"

आता इथे माझी मोठी चूक. मी अर्धवट झोपेत होतो, आणि अर्धवट झोपेतला इंजिनियर फार धोकादायक. मी म्हटलं, "व्यास २५ टक्के वाढला. पण खरं तर घनफळ बघायला हवं... ५ भागिले ४ चा घन... १.९५. म्हणजे जवळजवळ दुप्पट."

गणित बरोबर होतं. फोनवर पलीकडे काहीच आवाज येईना. मग भाऊजींनी फोन घेतला आणि म्हणाले, "काय सांगितलंस तिला? खाली बसलीय ती."

पुढचे नऊ दिवस, मॅडमची अपॉइंटमेंट मिळेपर्यंत, त्या घरात स्वयंपाक हॉटेलातून आला. ताईने दोन शहरांतल्या न्यूरोसर्जनची नावं काढून ठेवली. कोणी मुलीसमोर काही बोलत नव्हतं, म्हणजे सगळे दाराआड बोलत होते, आणि बारा वर्षांच्या मुलीला दाराआडचं जास्त स्पष्ट ऐकू येतं.

मॅडमनी दोन्ही सीडी एकाच रेडिओलॉजिस्टकडे पाठवल्या आणि शेजारी शेजारी लावून वाचायला सांगितल्या. उत्तर आलं, बदल नाही. दोन वेगळी मशीनं, एकात पिट्युइटरीसाठी खास बारीक काप घेतलेले, दुसऱ्यात साधे जाड काप. ३ मिलिमीटर जाडीच्या कापाने ४ मिलिमीटरचा ठिपका मोजायचा म्हणजे पोळपाटावर लाटलेल्या पोळीची जाडी शाळेच्या पट्टीने मोजण्यासारखं आहे. कडा कुठे धरायची यावर दोन माणसांचे दोन आकडे येतात. एकाच माणसाचेसुद्धा येतात. अनेक अभ्यासांत २ मिलिमीटरपेक्षा कमी फरकाला वाढ धरतच नाहीत, ते याच कारणाने. जे मोजमाप मुळातच एखाद्या मिलिमीटरने हलतं, त्याचा मी घन काढला. म्हणजे चुकीचासुद्धा घन केला. पहिल्या वर्षाला प्रॅक्टिकलच्या वहीत 'त्रुटीचे स्रोत' असा मथळा देऊन आम्ही सगळेजण एकमेकांचं बघून चार ओळी लिहायचो. त्या चार ओळी तेव्हा मनापासून लिहायला हव्या होत्या.

मी पोटापाण्यासाठी जे करतो त्यातला बराच भाग मॉनिटरिंगचा आहे. सर्व्हरवर लक्ष ठेवायचं, काही बिघडलं की अलर्ट. नवीन मुलगा टीममध्ये आला की तो पहिल्या महिन्यात शंभर अलर्ट लावतो. सीपीयू ७० टक्के, अलर्ट. मेमरी जरा हलली, अलर्ट. दुसऱ्या महिन्यात रात्री तीनला फोन वाजवून घेऊन त्याचे डोळे लाल होतात. मग त्याला कोणीतरी जुना माणूस तीन प्रश्न विचारतो. हा अलर्ट आला तर तू नेमकं काय करणार? काहीच करणार नसशील तर लावला कशाला? आणि हा बंद कधी करणार?

हेच प्रश्न त्या सात महिन्यांनंतरच्या स्कॅनला लावून बघा. चारचं पाच झालं तर काय करणार होतो? काही नाही. ५ मिलिमीटरच्या, डोळ्यांच्या नसांपासून लांब असलेल्या, हार्मोन न बनवणाऱ्या गाठीचं लहान मुलाच्या बाबतीत कोणी शहाणा माणूस ऑपरेशन करत नाही. कारण ऑपरेशनमध्ये जी ग्रंथी आत्ता नीट चालू आहे तिलाच धक्का लागू शकतो, आणि मग उंचीपासून पाळीपर्यंत सगळं आयुष्यभर गोळ्या-इंजेक्शनांवर. चारचं तीन झालं असतं तरी काही करणार नव्हतो. म्हणजे कुठलंही उत्तर आलं तरी कृती एकच, वाट बघणे. असा प्रश्न विचारायला आपण एका मुलीला हाताला सुई लावून अर्धा तास त्या खडखडणाऱ्या नळकांड्यात झोपवलं.

एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात, त्यामुळे "त्यात काय, करून टाकू" असं सगळे म्हणतात. खरंय, सीटी स्कॅनसारखा किरणोत्सर्ग नाही. पण पिट्युइटरी नीट दिसायला शिरेतून गॅडोलिनियमचं इंजेक्शन देतात. २०१४ साली जपानी संशोधकांनी दाखवलं की हे वारंवार दिलं तर त्याचा अंश मेंदूच्या काही भागांत साठतो. २०१७ साली युरोपच्या औषध नियंत्रकांनी त्यातली जास्त साठणारी बरीच औषधं बंद केली. ज्यांची मूत्रपिंडं नीट आहेत त्यांना या साठण्याने काही अपाय झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर उद्या कोणी गरज असतानाही घेणार नाही. पण गरज नसताना मुलांना कशाला? फार लहान मुलं तर स्थिर पडून राहत नाहीत, त्यांना गुंगीचं औषध द्यावं लागतं. तो वेगळा धोका.

मोठ्या माणसांच्या बाबतीत २०२३ साली ब्रिटनमधून एक चांगला अभ्यास आला, साडेचारशेहून जास्त रुग्णांचा. अशा छोट्या शांत गाठी वाढण्याची शक्यता तीन वर्षांत सुमारे ८ टक्के, पाच वर्षांत साडेचौदा. आणि लहान होण्याची शक्यता त्याहून जास्त! त्यांचं म्हणणं, लक्षणं नसतील तर पुढचा स्कॅन थेट तीन वर्षांनी केला तरी चालेल. हे मुलांना जसंच्या तसं लावू नये, मी वर सांगितलेलीच चूक पुन्हा होईल. पण गाठ म्हटलं की ती वाढतच जाणार, हे जे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं ते यातून जरा हलतं.

मुलांच्याच बाबतीतली एक जुनी गोष्ट सांगण्यासारखी आहे. जपानने १९८५ पासून देशभर सहा महिन्यांच्या बाळांची लघवी तपासून न्यूरोब्लास्टोमा नावाचा कर्करोग लवकर पकडायची मोहीम चालवली. उद्देश किती चांगला! गाठी सापडल्या, भरपूर सापडल्या. पण त्यातल्या पुष्कळशा आपोआप विरघळून जाणाऱ्या होत्या, आणि ज्या खरोखर जिवावर उठणाऱ्या त्या या तपासणीत सापडत नव्हत्या. २००२ साली जर्मनी आणि कॅनडातले अभ्यास आले, मृत्यू कमी होत नाहीत असं दिसलं, आणि २००४ साली जपानने मोहीम थांबवली. मधल्या काळात कितीतरी बाळं ऑपरेशन आणि केमोथेरपीतून गेली, ज्यांना त्याची गरज नव्हती. त्यांच्या आईवडिलांना आपलं मूल वाचलं असंच वाटत असणार. लंडनच्या एका बालन्यूरोसर्जनने, रिचर्ड हेवर्ड त्यांचं नाव, २००३ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये अशा लोकांसाठी एक नावच काढलं: आधुनिक इमेजिंगचे बळी. इंग्रजीत त्याची आद्याक्षरं जोडली की 'व्हॉमिट' होतं. डॉक्टरांचा विनोद, काय करणार.

मग लक्ष ठेवायचं कशावर? याचं उत्तर इतकं साधं आहे की ताईला पहिल्यांदा ते अपमानास्पद वाटलं. मॅडमनी ड्रॉवरमधून एक कागद काढला, ग्रोथ चार्ट. इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने २०१५ साली ५ ते १८ वर्षांच्या भारतीय मुलांसाठी केलेला. "दर तीन महिन्यांनी उंची आणि वजन. एकाच भिंतीला, एकाच वेळी, अनवाणी. हा माझा मॉनिटर." वयात येण्याआधी मूल वर्षाला साधारण ५-६ सेंटीमीटर वाढतं, वयात येताना त्याहून वेगाने. ती रेषा जर चालता चालता आडवी झाली, तर पिट्युइटरीचं काहीतरी बिनसलंय हे बऱ्याचदा कुठल्याही लक्षणाआधी कळतं. त्याशिवाय वयात येणं फार लवकर किंवा फार उशिरा, मध्येच थांबणं. रात्री उठून उठून पाणी पिणं आणि सारखं लघवीला जाणं. चालताना बाजूच्या वस्तूंना धडकणं, कारण या जागचा दाब आधी दोन्ही बाहेरच्या कडांची नजर खातो. सकाळी उठल्याउठल्या उलटीसकट डोकेदुखी. यातलं काहीही झालं तर वर्षाची वाट बघायची नाही, दुसऱ्या दिवशी या. हे नसेल तर स्कॅन ठरल्या दिवशी, ठरल्या मशीनवर, जुनी सीडी सोबत घेऊन.

मला हे फार आवडलं, कारण हा खरा मॉनिटर आहे. सर्व्हरचा सीपीयू बघण्यापेक्षा गिऱ्हाइकाला पान उघडतंय का ते बघावं, तसं. फुकट आहे, घरी होतो, आणि आकडा हलला तर त्याचा काहीतरी अर्थ असतो.

आता ताईची बाजू. तिची बाजू मूर्खपणाची नाही. ती म्हणाली, "तुला आठ टक्के म्हणजे थोडे वाटतात. मला एकच मुलगी आहे. मला ती आठात आहे की ब्याण्णवात, एवढंच कळायचंय." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. आणि मोठ्या माणसाला पुढे तीस वर्षं काढायची असतील तर मुलीला सत्तर. हळूहळू वाढणाऱ्या गोष्टीला सत्तर वर्षं म्हणजे भरपूर वेळ. भाऊजींचं मत दुसऱ्या टोकाचं, "कधीच बघायचं नाही, फाडून टाका तो रिपोर्ट." तेही मला पटत नाही. म्हणून तर तारीख लिहिलेली हवी. ताईला ती तारीख धीर देते आणि भाऊजींना पळून जाऊ देत नाही. एखादा स्कॅन ठरलेला असला की अधलेमधले दहा टळतात, हा त्याचा खरा उपयोग आहे असं मला वाटायला लागलंय.

आणि एक शब्दांचं प्रकरण. मॅडम 'ठिपका' म्हणायच्या. रिपोर्ट 'अ‍ॅडेनोमा' म्हणतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ च्या वर्गीकरणात अशा गाठींना अ‍ॅडेनोमाऐवजी 'पिट्युइटरी न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर' म्हणायला सुरुवात केली. जगभरच्या पिट्युइटरी तज्ज्ञांतच त्यावरून जुंपली, कारण निरुपद्रवी ठिपक्याला एवढं भारदस्त नाव दिलं तर रुग्ण घाबरणार. वर्गीकरण करणाऱ्यांची शास्त्रीय कारणं असतील, मला त्यात गती नाही. पण आमच्याकडे आईने (म्हणजे भाचीच्या आजीने) फक्त 'डोक्यात ट्यूमर' एवढंच ऐकलं आणि पोरीचं खो-खो बंद करून टाकलं. डोक्याला मार लागायला नको! शाळेच्या संघात होती ती. आठ महिने मैदानाच्या कडेला बसली, आणि आम्हा सगळ्या मोठ्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. मीही त्यात आलो. मॅडमना विचारल्यावर त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "खो-खो कोणी बंद केला? मी नाही केला."

मग त्यांनी आम्हाला बाहेर बसवलं आणि मुलीशी एकटीशी वीस मिनिटं बोलल्या. कागदावर चित्र काढून दिलं. बाहेर येऊन ती म्हणाली, "एवढंच होतं? मला वाटलं मी मरणारे आणि तुम्ही सांगत नाही आहात."

ताई लिफ्टमध्ये रडली. मी जिन्याने उतरलो.

मुलांना सांगायचं की नाही यावर आमच्या घरात अजून दोन पक्ष आहेत. आईचं मत, लहान जिवाला कशाला. पण ज्याचं डोकं त्यालाच माहिती नाही, असं मॉनिटरिंग मी तरी कुठे पाहिलेलं नाही. रात्री पाणी प्यायला उठते का, पाटी वाचताना कड दिसते का, हे आधी तिलाच कळणार आहे ना?

ताईच्या स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर आता पेन्सिलच्या रेघा आहेत. पहिली १४१, सगळ्यात वरची १४७.५. रेघ ओढायची पट्टी कंपासपेटीतली, भाऊजींच्या हातात, आणि ते दर वेळी टाच उचलली का म्हणून भांडतात. खो-खो पुन्हा चालू झालाय, आठ महिन्यांत दम गेलाय म्हणून सध्या राखीव खेळाडूंत आहे. फाइलमध्ये मॅडमच्या अक्षरात तीन ओळी: पुढचा स्कॅन दुसऱ्यानंतर वर्षाने, पहिल्याच मशीनवर. बदल नसेल तर त्यापुढचा दोन वर्षांनी. मग बसून ठरवू की हवाय का.

वर्षाने म्हणजे तारीख फेब्रुवारीत येत होती. मॅडमनी कॅलेंडर मुलीसमोर सरकवलं. तिने दोन पानं उलटली, म्हणाली फेब्रुवारीत आंतरशालेय स्पर्धा आहेत, मार्चमध्ये परीक्षा, आणि एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारवर बोट ठेवलं. मॅडम म्हणाल्या, चालेल.